हिरेगौडर सरांचे दोन रकाने

मागच्या वर्षी लातूरला एका कॉलेजच्या मैदानाच्या कडेला बसून मी अकरा दिवस एकाच माणसाकडं बघत होते. सकाळी सहा ते नऊ, दुपारी चार ते साडेसहा. मांडीवर वही, डोक्यावर टोपी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या चहाच्या टपरीवाल्या मावशींना राहवेना. त्यांनी विचारलं, यातल्या कुण्या पोरीची आई हाव का तुम्ही? मी म्हटलं, नाही, मी त्या सरांची परीक्षा घ्यायला आले. मावशींनी मैदानाकडं पाहिलं. पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे सर त्या वेळी पाणी मारलेल्या गवतात उताणे पडले होते आणि त्यांच्या पोटावर एक मुलगी पडलेली होती.

"मग नापासच हायेत म्हणा की," मावशी म्हणाल्या.

मी खेळाची शिक्षिका. वडिलांचं गाव उदगीरजवळ, आई बिदरकडची. पहिली नोकरी किनवटच्या आश्रमशाळेत, बाकी सगळी नांदेडात. आयुष्यभर खो-खो शिकवला. रग्बी माझ्या वाट्याला उशिरा आला. एका शिबिराहून मी तो लांबट चेंडू घेऊन आले, तेव्हा शाळेतल्या मुलींनी त्याला पहिल्याच दिवशी पपई नाव ठेवलं आणि ते नाव पुढं टिकलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडं मुली जो प्रकार खेळतात त्यात एका बाजूला सात जणी असतात. सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडं तो जमिनीला टेकवायचा. चेंडू पुढं फेकायचा नाही. बाजूला किंवा मागं, एवढंच. समोरची मुलगी तुमच्या कमरेला नाहीतर मांड्यांना मिठी मारून तुम्हाला खाली पाडते, त्याला टॅकल म्हणतात. सगळा धोका त्या मिठीत आहे. डोकं चुकीच्या बाजूला राहिलं तर पळणारीचा गुडघा कपाळावर बसतो.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं रग्बी संघटनेनं माझ्याकडं एक वेगळंच काम दिलं. प्रशिक्षक कसा आहे ते बघायचं आणि लिहून द्यायचं. छापील फॉर्मवर दोन रकाने असतात, गुण आणि उणिवा. लोकांना वाटतं, ज्याचा संघ जिंकतो तो प्रशिक्षक चांगला. तसं असतं तर मला पाठवायची गरजच नव्हती, निकालाचा कागद पुरला असता. मी गेल्यावर नुसतं प्रशिक्षकाकडं बघत नाही. तो ओरडला की मुलींचे खांदे वर जातात की खाली, ते बघते. रांगेत किती जणी नुसत्या उभ्या आहेत ते बघते. संघातल्या सगळ्यात कच्च्या मुलीशी तो दिवसातून किती वेळा बोलतो, हे मोजते. तेवढ्यावर निम्मा फॉर्म भरतो.

या कामात गमती झाल्या. नांदेडला एका प्रशिक्षकाचा सराव इतका बिनचूक चालला होता की मी थक्क झाले. मग लक्षात आलं, शिट्टी वाजायच्या आधीच मुली वळतात. पाण्याच्या वेळेला मी एकीला विचारलं तर ती प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, आठ दिवसांपासून हेच करून राहिलो. तुम्ही येणार म्हणून." मी त्यांना उद्याचा सराव आज घ्या म्हटलं, तर सरांना घाम फुटला.

आणि एक गोष्ट अशी झाली की ती अजून बोचते. उमरीला एक तरुण प्रशिक्षक होता. त्याच्या मैदानावर मुलं-मुली सारखी हसायची. मी नवीन होते, कडक होते. उणिवांच्या रकान्यात लिहिलं: शिस्त नाही. तेवढ्या दोन शब्दांवर त्याचं केंद्र बंद झालं. तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी उमरीला गेले, तर मैदानावर वेडी बाभूळ माजली होती. तो गावातच पिठाची गिरणी चालवत होता. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा पाजला, लेकराबाळांची चौकशी केली. त्या अहवालाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मुलं तिथं हसायला मिळतं म्हणून येत होती, एवढं मला तेव्हा दिसलं नव्हतं.

तर लातूरचं काम आलं तेव्हा मी निवृत्त झाले होते. मुलींच्या राष्ट्रीय संघाचं शिबिर लातूरला लागलं होतं आणि मुख्य प्रशिक्षकाचं मूल्यमापन तातडीनं हवं होतं. प्रशिक्षक म्हणजे हिरेगौडर सर, धारवाडकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. महिन्या-दीड महिन्यापूर्वी परदेशातल्या एका स्पर्धेची अंतिम लढत आपल्या मुली जिंकत आल्या होत्या. शेवटची दोन मिनिटं राहिली असताना सरांनी सगळ्यात वेगवान मुलीला मैदानाबाहेर काढलं. तिच्याच बाजूनं समोरच्या पळत गेल्या आणि हातातली लढत गेली. तेव्हापासून संघटनेत कुजबुज होती. तीन जणांची समिती नेमली होती. अध्यक्ष जुने खेळाडू होते, दुसरे एक डॉक्टर, तिसरी मी. मैदानावर जाऊन बसणं माझ्याकडं आलं.

निघायच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. ते सौजन्यानं बोलले, पण मतलब स्पष्ट होता. बाहेरच्या देशातला एक प्रशिक्षक त्यांच्या नजरेत होता. उणिवांचा रकाना जरा सविस्तर भरा, म्हणाले. मी बरं म्हटलं. सविस्तर तर मी नेहमीच भरते.

सरांनी पहिल्या दिवशी मला खुर्ची दिली, नमस्कार केला आणि त्यानंतर तीन दिवस माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला ते आवडलं.

त्यांचं टॅकल शिकवणं मी पूर्वी कुठंच पाहिलं नव्हतं. आधी मुली गुडघ्यावर, मग बसून, मग चालत, शेवटी पळत. डोकं समोरच्याच्या मागच्या अंगाला गेलं पाहिजे, गाल त्याच्या मांडीला चिकटला पाहिजे. हे बरोबर जमलं की नाही ते बघायला सर स्वतः उभे राहायचे. रोज सकाळी प्रत्येक मुलीनं त्यांना दोनदा पाडायचं, एकदा डाव्या खांद्यानं, एकदा उजव्या. वीस मुली. म्हणजे तो माणूस नाश्त्याच्या आधी चाळीस वेळा जमिनीवर पडायचा. उठताना दरवेळी फक्त एक शब्द बोलायचा, "फिर से," नाहीतर "अगली." शिबिरात एकीच्याही मानेला, खांद्याला दुखापत झालेली नव्हती. गुणांचा रकाना माझा दोन दिवसांत भरत आला.

उणिवा शोधायलाही फार खणावं लागलं नाही. सर कुणाला शाबास म्हणत नव्हते. कुणी चांगलं पळालं तर मान किंचित हलायची, तीही दुसरीकडं बघत. आणि संघ निवडायची त्यांची रीत तर भयंकर होती. पहिल्या सात जणींची यादी कागदावर लिहून खानावळीच्या दारावर चिकटवायची. नाव नसेल तर का नाही, हे विचारायचं नाही आणि ते सांगायचेही नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी त्या दाराशी मी एका मुलीला कागद तीन-तीनदा वाचताना पाहिलं. रेणुका आत्राम. किनवट तालुक्यातल्या जंगलातल्या एका गावची. अंतिम लढतीत बाहेर काढलेली ती हीच.

मी किनवटला नोकरी केली असली तरी ती माझी विद्यार्थिनी नव्हती, मी तिथून निघाले तेव्हा ती जन्मलीही नसेल. पण तिच्या गावाकडची बोली ऐकून मला बरं वाटलं आणि मी किनवटच्या शाळेत होते हे कळल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. टपरीवर चहा घेताना तिनं मला सगळं सांगितलं. त्या लढतीत तिच्या हातून एकदा चेंडू सुटला होता. त्यानंतर थोड्याच वेळात सरांनी तिला बाहेर बोलावलं. का ते तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. परत आल्यावर डॉक्टरांनी तपासलं, थोडा आराम कर म्हणाले, इंग्रजीतला एक कागद सरांकडं गेला. शिबिरात ती आली, पण सर तिला टॅकल करू देत नव्हते; सकाळचं पाडणं बाकीच्या वीस जणींचं. रोज पळायला लावायचे आणि विचारलं की म्हणायचे, "अभी नहीं."

"म्या बॉल सोडला म्हणून काढलं मला," ती म्हणाली. "समदे माझ्यामुळंच हरले. आता आणखी चार-पाच दिवस बघते, न्हाई तर घरी जाते."

शिबिरात माझं काम बघायचं असतं, समजूत घालायचं नसतं. पण वहीचं पान काही केल्या पुढं सरकेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींची आपापसात लढत लावली होती. सरांनी ओरडून एक चाल सांगितली, ती फसली, दोघी एकमेकींवर आदळल्या. सर माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर उभे होते. ते स्वतःशीच पुटपुटले, "तप्पु नंदे." कानडीत याचा अर्थ, चूक माझीच. मुलींना मात्र ते फक्त म्हणाले, "फिर से." मग मी कान देऊन ऐकायला लागले. तासाभरात त्यांनी तीन वेळा स्वतःला बोल लावला, तिन्ही वेळा कानडीत, आणि मैदानावरच्या एकीलाही ते कळलं नाही. मुली आपल्यालाच दोष दिलाय असं समजून माना खाली घालून परत जागेवर जायच्या.

सराव संपल्यावर मी आईच्या भाषेत त्यांना म्हटलं, सर, ती चाल खरंच तुमची चुकली होती.

ते दचकलेच. मग विचारलं, तुम्हाला कानडी येतं? मी म्हटलं, उदगीरकडची आहे, आई बिदरची. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून आभाळाकडं पाहिलं. "सहा दिवस ऐकताय, अक्का?" म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले. वयानं मोठी होतेच.

मी त्यांना ती अंतिम लढत दाखवा म्हटलं. खानावळीतल्या टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडला. रेणुकाच्या हातून चेंडू सुटतो ते दिसलं. पुढच्याच मिनिटाला ती टॅकलला जाते आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसतो. ती उठते, हात वर करून ठीक आहे असं दाखवते. पंच खेळ पुढं नेतात. इथं सरांनी चित्र थांबवलं. सगळ्या मुली एका बाजूला तोंड करून उभ्या होत्या आणि रेणुका एकटी उलट्या बाजूला, आपल्याच रेषेकडं. दोन पावलं ती तिकडं चाललीही होती.

"तिला दिशा कळत नव्हती," सर म्हणाले. "आणखी एक मार बसला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. कप काय, पुन्हा मिळेल."

मी विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलं का?

सांगायचं काय त्यात, सर म्हणाले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. त्यांना खरोखरच वाटत होतं की जे आपल्याला दिसलं ते सगळ्या जगाला दिसलं. डॉक्टरचा कागद त्यांच्या फाइलमध्ये नीट लावलेला होता. डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत टॅकल नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तो सांभाळून ठेवला म्हणजे आपलं काम झालं, अशी त्यांची समजूत होती.

त्या रात्री मी फॉर्म भरायला घेतला. गुणांत लिहिलं: अंतिम लढतीत जखमी खेळाडूला बाहेर काढलं. उणिवांत लिहिलं: अंतिम लढतीत ज्या खेळाडूला बाहेर काढलं तिला कारण सांगितलं नाही. मग पेन खाली ठेवलं. उमरीची गिरणी डोळ्यांसमोर आली. तिथं मी दोन शब्द लिहून बसनं परत आले होते. त्या पोराला आधी विचारलं असतं, तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं.

अहवाल गोपनीय असतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तो दाखवायचा नाही, असा नियम आहे आणि इतकी वर्षं मी तो पाळला होता. नवव्या दिवशी तो मोडला. सरांना टपरीवर बोलावलं आणि उणिवांचं अख्खं पान कानडीत वाचून दाखवलं. शाबासकी नाही. यादी दारावर. हल्ला कायम उजव्या बाजूनं. चूक कबूल करतात ती मुलींना न कळणाऱ्या भाषेत. आणि शेवटी रेणुका.

सर सैन्यातल्या माणसासारखे ताठ बसून ऐकत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "रेणुकाला काय वाटतं, अक्का?"

मी सांगितलं. चेंडू सोडला म्हणून सरांनी काढलं, असं तिला वाटतं. घरी जायचं म्हणतीये.

त्यांचा चहा तसाच राहिला. ते उठले, मावशींना पैसे दिले आणि चालायला लागले. मला वाटलं, रागावले. आपण नियम मोडला आणि माणूसही गमावला. परतीचं तिकीट एक दिवस आधीचं मिळतं का, तेही मी बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर कुणीच नव्हतं. मुली खानावळीत बसल्या होत्या, भिंतीवर लॅपटॉपचं चित्र लावलेलं. मी मागच्या बाकावर बसले. सरांनी तो तुकडा लावला, नेमक्या जागी थांबवला आणि रेणुकाला उभं केलं. विचारलं, तेरा मुँह किधर है? ती बघत राहिली. पुन्हा लावा म्हणाली. सरांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

मग सर सगळ्यांकडं वळून हिंदीत म्हणाले, "मैंने इसको इसलिए निकाला था। उसी दिन बोलना था, नहीं बोला। गलती मेरी है।"

रेणुकानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि भिंतीवरच्या स्वतःकडं बोट केलं.

"सर, म्या तर आपल्याच घरी पळून राहिले की."

आधी एकजण हसली, मग दोघी-तिघी, मग सगळ्याच. ओडिशाच्या मुलींना मराठी कळत नव्हतं, कुणीतरी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा त्या उशिरानं वेगळ्या हसल्या. सर हसले नाहीत, त्यांनी लॅपटॉप मिटला. मग फाइलमधला तो इंग्रजी कागद काढून तिच्या हातात दिला आणि एकेक ओळ हिंदीत सांगितली. ती शिबिर सोडून गेली नाही. टॅकल करायला मिळेना म्हणून कुरकुर मात्र चालूच ठेवली.

आठवड्याभरानं समितीची बैठक फोनवर झाली. अध्यक्षांना माझा अहवाल पटला नाही. एकच घटना दोन्ही रकान्यांत कशी, काहीतरी एक ठरवा, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, माणूस एकच आहे. दोन्हीकडं तोच येणार. प्रशिक्षकाला मी पान वाचून दाखवलं, हेही मी लपवलं नाही. त्यावर ते बरंच बोलले आणि त्यांचं बोलणं गैर नव्हतं. तेव्हा समितीतल्या डॉक्टरांनी अहवालाला जोडलेला रेणुकाचा कागद मोठ्यानं वाचला. वाचून म्हणाले, या मुलीला आणखी दोन मिनिटं खेळवलं असतं तर आज आपण वेगळ्याच कागदावर बोलत असतो. पुढं फारशी चर्चा झाली नाही. सरांना वर्षभरासाठी ठेवलं. सोबत मुलींशी बोलणारी एक सहायक प्रशिक्षिका द्यायची, अशी अट माझी होती, ती मान्य झाली. मला पुन्हा कुठं पाठवायचं नाही, असंही ठरलं असावं, कारण त्यानंतर बोलावणं आलेलं नाही. त्याची मला खंत नाही. नांदेडात सकाळी पाच-सात बायकांना चालायला घेऊन जाते, तेवढं पुरतं.

पुढच्या स्पर्धेत आपल्या मुली तिसऱ्या आल्या. बाहेरच्या प्रशिक्षकानं पहिल्या आणल्या असत्या का, मला सांगता येणार नाही. रेणुकाची तपासणी तोवर झाली होती, डॉक्टरांनी मोकळं केलं होतं. तरी ती पहिल्या सातांत नव्हती. यादी आता दारावर लागत नाही. सर एकेकीला बोलावून सांगतात आणि त्यात त्यांचे दोन तास जातात, असं ती मला फोनवर म्हणाली. तिला सांगितलं होतं, पळणं पूर्वीसारखं झालंय, टॅकलला अजून अर्धा क्षण उशीर होतोय. "खरंच होतोय, मॅडम," ती म्हणाली. शेवटच्या लढतीत चार मिनिटं ती आत आली. मी मोबाइलवर बघत होते, चित्र अडकत होतं. दोन टॅकल तिनं केले, दोन्ही नीट.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. तिसऱ्या नंबरचं अभिनंदन मी केलं, ते त्यांनी घाईनं संपवलं. मग कानडीत विचारलं, अक्का, पाहिलंत ना सगळं? आता सांगा, कुठं चुकलं.

मी म्हटलं, सर, मी निवृत्त झाले.

असू द्या, म्हणाले, सांगा.

खरं तर माझ्याकडं होतं सांगायला. उपांत्य लढतीत त्यांनी दमलेल्या मुली बदलायला उशीर केला होता, आणि मधल्या सुट्टीत सहायिकेला बोलूच दिलं नव्हतं. मी सुरुवात केली.

"तडीरी," ते म्हणाले. म्हणजे, थांबा. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला, कपाट उघडल्याचा आला. मग ते परत आले आणि म्हणाले, "हं, वही घेतली. आता सावकाश सांगा."